कर्नाळ्याच्या उतारावर आपोआप पडलेला सेकंड गिअर

इथले भुताखेतांचे अनुभव मी दोन वर्षं वाचतोय. खरं सांगायचं तर निम्मे हसत वाचले. माझं वय चौऱ्याहत्तर. पनवेलमध्ये तीस वर्षं मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. गाडीत आवाज आला की बेअरिंग गेलं, थरथरली की माउंटिंग... प्रत्येक गोष्टीला कारण असतं, हेच मी शिकवत आलो. म्हणून गेल्या हिवाळ्यात माझ्याच गाडीत जे घडलं ते इथे लिहायला इतके महिने लागले. ते सांगायचं तर आधी एक जुनी गोष्ट कबूल करावी लागते, हेही एक कारण.

स्कूल काढण्याआधी मी कळंबोलीच्या लोखंड बाजारातून ट्रक चालवायचो. जोडीला करंजाड्याचा गजानन. गाडी मला त्यानेच शिकवली. तेव्हाच्या ट्रकना खालचा गिअर सरळ पडत नसे, डबल क्लच मारावा लागे — गिअर न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडायचा, ॲक्सिलरेटरला एक झटका द्यायचा, परत क्लच दाबायचा आणि मग गिअर. जरा चुकलं की करकर आवाज. गजाननचा कधी चुकला नाही. गिअर पडला की तो तळहाताने मुठीवर दोनदा थापटायचा आणि गिअरलाच विचारायचा, "बसला का?" मग स्वतःच म्हणायचा, "बसला."

आम्हा ड्रायव्हर लोकांत एक वाईट खोड होती. उतार लागला की न्यूट्रल करून गाडी सोडायची. डिझेल वाचतं, आणि चार जणांत फुशारकी मारता येते. गजानन शिव्या घालायचा. "अरे, उताराला गिअर म्हंजे गाडीचा लगाम. तो सोडलास तर नुसत्या ब्रेकवर किती आवरंल ती?"

चाळीसेक वर्षांपूर्वी घाट उतरताना तो शेजारी झोपला होता. मी न्यूट्रल केलं. ब्रेक तापले, धरेनात. डबल क्लच मारायला गेलो, घाईत चुकला, गिअर पडलाच नाही. ट्रक कड्यावर आदळला. मी बाहेर फेकलो गेलो. गजानन गेला.

केबिनचा चेंदा झाला होता. कोण कुठे बसलं होतं हे सांगणारा मी एकटाच. पंचनाम्यात मी सांगितलं, गाडी गजानन चालवत होता.

त्याची बायको, हिरा वहिनी, करंजाड्यालाच राहते. बापाचा स्टिअरिंगवरचा हात वाईट होता, असं धरून तिने मुलाला, सुनीलला, कधी स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. मी अर्ध्या पनवेलला गाडी शिकवली आणि सुनील कापडाच्या दुकानात उभा राहिला.

आता तो दिवस. रविवार, सकाळचे दहा. नात ऋता हॅचबॅक चालवत होती, मी शेजारी. कर्नाळ्याची खिंड ओलांडून उतार लागला आणि तिने गिअर न्यूट्रलला आणला.

"हे काय केलंस?"

"आजोबा, चिल. ऑफिसमधले सगळे करतात. पेट्रोल वाचतं."

समोरचा ट्रेलर अचानक थांबायला लागला. ऋताने ब्रेक दाबला, पण गाडी हवी तशी आवरत नव्हती. मला ओरडायचं होतं, 'सेकंड टाक'.  दोन्ही हातांनी मी दारावरचं हँडल धरून बसलो होतो.

तेवढ्यात इंजिनाचा एकच झटक्यासारखा आवाज चढला, उतरला, आणि गिअरचा दांडा मागे सरकून सेकंडमध्ये बसला. करकर नाही, धक्का नाही. गाडी लगाम खेचल्यासारखी आवरली आणि ट्रेलरच्या हातभर मागे थांबली.

ऋताचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. ती म्हणते, डावा पाय खाली टेकलेला होता. क्लचचं पेडल खाली गेलं का ते मी पाहिलं नाही, उगाच सांगणार नाही.

"थँक्स आजोबा. पण टाकल्यावर मुठीवर दोनदा थापटलंत कशाला?"

मी थापटलं नव्हतं. गजाननचं नाव मी घरात कधी काढलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी फैयाजच्या गॅरेजला नेली. त्याने गिअरबॉक्स तपासला, केबल तपासली. मग हात पुसत म्हणाला, "चाचा, घिसलेला गिअर आपोआप बाहेर पडतो, असे मी शंभर बघितले. आपोआप आत जाणारा अल्लाकसम एक पण नाही."

त्यानंतर आठ दिवस जेवण गेलं नाही. नवव्या दिवशी करंजाड्याला गेलो आणि वहिनीला सगळं सांगितलं. घाट, न्यूट्रल, पंचनामा. शेवटी कर्नाळाही.

ती तांदूळ निवडत होती. हात थांबला.

"मंग ते झोपले होते?"

"हो वहिनी. गाढ."

"मंजे त्यांना कायच कळलं नसंल." तिने सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. "मला रोज वाटायचं, कसे घाबरले असतील." मग एकदम माझ्याकडे पाहून म्हणाली, "आनि माज्या सुनीलचं काय केलंत तुमी, भावजी?"

  ती रडली नाही, तिने मला माफही केलं नाही. सूप बाजूला ठेवून उठली.

"इतकी वर्सं माज्या सपनात पन नाय आले, आनि तुमच्या गाडीत बरे आले! चला, मला बसवा तिच्यात."

तिला पुढे बसवून त्याच उतारावर नेलं. मी सेकंडवर हळूहळू उतरवली. पूर्ण उतार ती गिअरच्या मुठीकडे बघत होती. काहीच झालं नाही. इंजिन नेहमीसारखं, दांडा जागच्या जागी.

खाली आल्यावर गाडी कडेला घेतली. वहिनी म्हणाली, "उद्यापासून सुनीलला शिकवा."

मी मान डोलावली आणि निघण्यासाठी फर्स्ट टाकला. तेव्हा तिने हात पुढे केला आणि तळहाताने मुठीवर दोनदा थापटलं.

"बसला का?" तिने विचारलं. माझ्याकडे बघत नव्हती.