बिनखताचा पट्टा

शेळगावच्या गेणबाला लांडग्याचं भय कधी वाटलं नाही. मेंढरांमागं निम्मा जन्म गेलेला माणूस तो. पण चौऱ्याण्णव साली तो घाबरला, आणि कशाला म्हणाल, तर उसाच्या एका हिरव्यागार पट्ट्याला!

त्याचं असं झालं. प्रयोगशाळेत बाटलीत वाढवलेली उसाची रोपं तेव्हा नवीनच निघाली होती. ती पारखायला शेळगाव, कळस, लोणी भापकरचे शेतकरी आणि प्रयोगशाळा यांनी मिळून मंडळ केलं. नियम ठरला: सगळ्यांच्या संमतीबिगर प्रयोगात काही बदलायचं नाही, बदललं, तर त्या गावचा प्लॉट बाद. पहिला हात वर केला गेणबानंच. शेळगावचा प्लॉट त्याच्याच रानात होता. खताची पारख तेवढी तिथंच: एका पट्ट्याला खत, दुसरा बिनखताचा.

लागणीआधी मेव्हणा सोनबा कोकणातनं कळप घेऊन परतला. पाहुण्याची मेंढरं रानात बसवायची ही रीतच. गेणबाला वाटलं, दुसरा पट्टा बिचारा उपाशीच राहणार, बसू देत तिथंच. खत म्हणजे पोत्यातलं, लेंड्यांना कोण खत म्हणतंय!

दिवाळीनंतर मंडळ बघायला आलं. बिनखताचा ऊस खतवाल्याच्या वरचढ! मंडळाचे अध्यक्ष, कळसचे हिंदुराव, नाचायचेच बाकी राहिले. "आता पोती कशाला घ्यायची? फुडल्या साली समद्यांनीच खत बंद!"

गेणबाला त्या लेंड्या आठवल्या. घरी ताटावर नुसताच बसला.

"जेवत का न्हाय?" बायकोनं, ठमाबाईनं, विचारलं.

"बोललो तर गावचा प्लॉट जातोय. गप बसलो तर तीन गावचा ऊस बसतोय."

"मग सांगून टाका. माझ्या भावाचं नाव निघालं तर निघू द्या. न्हायतर ऊस गेल्यावर तिन्ही गावं आपल्याच दारात येतील."

बैठकीत खत बंद करायला सगळ्यांचे हात वर गेले. गेणबाचा मांडीवरच.

"का रं, हाताला मुंगळा डसला का?" हिंदुराव हसले.

"त्या बिनखताच्या पट्ट्यात मेंढरं बसलीती, हिंदुराव. लागणीच्या आधी."

प्रयोगशाळेच्या सुकन्याबाईंनी चष्मा काढला. "म्हणजे वर्ष वाया गेलं, गेणबा."

"व्हय. नियमानं शेळगाव बाद करा." आणि याही खेपेला पहिला हात त्याचाच वर गेला.

शेळगाव बाद झालं. खत बंद करायचं तेवढं टळलं. बाहेर गेणबा चपला शोधत होता. मागनं हिंदुरावांनी खांद्यावर हात ठेवला, तसा तो दचकलाच.

"तुझ्या मेव्हण्याची मेंढरं सध्या कुठं हायती?"

"का वो?"

"माझ्या रानात बसवायची हायती. प्रयोगाच्या न्हाय रं बाबा, घरच्या!"