विषाणूच्या शेपटीची घडी

वीज गेली की प्रयोगशाळेला बोलण्यावाचून दुसरं काम उरत नाही. कर्जतबाहेरच्या आमच्या पीकरोग केंद्रात वीज रोज जायची. सत्तरच्या दशकात मी तिथे कारकून होतो. संशोधन किती झालं ते सरकारला ठाऊक, किस्से मात्र भरघोस पिकले! आता निवृत्तीत एकेक आठवतो. हसायला म्हणून सांगायला घेतो आणि भलतीकडेच पोचतो.

केंद्र म्हणजे दोन खोल्या, एक काचघर आणि डॉ. बर्वे. चवळीची पानं पिवळी का पडतात हे त्यांनी शोधावं, एवढीच सरकारची अपेक्षा. दारावर मात्र 'डॉक्टर' अशी ठळक पाटी. एकदा जवळच्या कोंडाणे गावची एक बाई तापानं फणफणलेल्या नवऱ्याला घेऊन आली.

"बाई, मी झाडांचा डॉक्टर आहे," बर्वे म्हणाले.

"झाडाला बरं करता नं? मंग मानसाचं काय जड हाय?"

"झाडालाही बरं करत नाही हो. त्याला काय झालंय तेवढं सांगतो."

"त्ये तर मलापन दिसतंय!" असं म्हणून तिनं नवऱ्याला उठवलं आणि दवाखान्याची वाट धरली.

मी खो खो हसलो. बर्वे हसले नाहीत. आतल्या खोलीत त्यांची मुलगी नलू अभ्यास करत होती. ती लहान असताना तिला पोलिओ झाला, तेव्हापासून डाव्या पायाला लोखंडी पट्ट्या. तिच्या वेळीही डॉक्टरांनी काय झालंय तेवढंच सांगितलं होतं.

*

बर्वेंचा खरा जीव चवळीत नव्हता, विषाणूच्या शेपटीत होता. त्यांनी मला समजावलं ते असं: या विषाणूंच्या पोटात आरएनए नावाचा लांब धागा असतो. त्यावर चारच अक्षरं, उलटसुलट क्रमानं. हा धागा सरळ राहत नाही, स्वतःवरच दुमडतो. ते दाखवायला त्यांनी नलूच्या वेणीची रिबीन घेतली, मला केंद्राच्या खर्चानं केसांच्या पिना आणायला लावल्या, आणि रिबिनीच्या टोकाला, म्हणजे शेपटीला, तीन पानांसारखी घडी घालून टेबलावर ठेवली.

ऑडिटवाल्यांनी विचारलं, "कार्यालयात एकही महिला कर्मचारी नसताना केसांच्या पिना कोणासाठी?"

"लिहा, विषाणूंसाठी," बर्वे म्हणाले.

मी लिहिलं. मंजूर झालं! सरकारात जे कळत नाही ते लवकर मंजूर होतं.

*

गंमत पुढेच आहे. सलगमाचा विषाणू वेगळा, तंबाखूचा वेगळा, गवताचा वेगळा. घराणी वेगळी, अक्षरांचा क्रम वेगळा, पण शेपटीची घडी जवळजवळ तीच!

"पेशीच्या स्वतःच्या एका रेणूची घडी तशीच असते," बर्वे म्हणाले. "त्यामुळे पेशीला वाटतं, घरातलंच कोणीतरी आलं."

हे मला पटलं ते आमच्या स्टोअरकीपरच्या लग्नात, खालापूरला. एक फेटेवाला गृहस्थ पंगतीत फिरून सगळ्यांना आग्रह करत होता. वरपक्षाला वाटलं, मुलीकडचा. वधूपक्षाला वाटलं, मुलाकडचा. शेवटी कळलं, तो कोणाचाच नव्हता! जेवून, पानसुपारी घेऊन गेलासुद्धा.

"बघा, फेट्याची बांधणी!" बर्वे हरखून म्हणाले.

शेजारी बसलेल्या नलूनं विचारलं, "बाबा, माझ्यात आला तोही असाच आला असेल?"

बर्वेंनी पुढची जिलबी घेतली नाही. त्या दिवसापासून त्यांनी एकच ध्यास घेतला. पोलिओच्या विषाणूची शेपटीही तशीच निघाली, तर ती घडी उलगडणारं औषध चवळीच्या पानांवर शोधता येईल. नलूचा पाय परत येणार नव्हता, हे त्यांना कळत होतं. पण चोर तरी सापडला असता.

*

काचघर पोशीर गावचा धर्मा सांभाळायचा. हाडाचा शेतकरी. बर्वेंनी मुद्दाम रोग लावलेली चवळी एका बाजूला असायची, निरोगी दुसऱ्या बाजूला. एकदा बर्वे नलूच्या पट्ट्या बदलायला तिला घेऊन मुंबईला गेले. परत आले तर एक बाजू रिकामी!

"रोगट व्हती ती समदी उपटून जाळली, साहेब," धर्मा छाती फुगवून म्हणाला. "न्हायतर बाकीच्यास्नी लागलं असतं. आता येक झाड खराब नाय!"

अख्ख्या हंगामाचं काम राखेत गेलं होतं. बर्वेंनी रिकाम्या वाफ्यातली माती चिमटीत घेऊन पाहिली. मग म्हणाले, "मन लावून केलंस, धर्मा." धर्मा खूश होऊन गेला.

पायरीवर बसलेली नलू म्हणाली, "बरं झालं बाबा, मी काचघरात राहत नाही!"

आम्ही हसलो. न हसून करतो काय?

*

नलू कॉलेजात जायला लागली तेव्हाची गोष्ट. परदेशातून शिकून आलेला एक तरुण शास्त्रज्ञ केंद्र पाहायला आला. बर्वे काचघरात होते. मी, नलू आणि पाहुणा पोहे खात बसलो होतो. बोलता बोलता तो सहज म्हणाला, "पोलिओ? त्याच्या शेपटीला तसली घडी नाही. शेवटी नुसतं एकच अक्षर, ओळीनं. तिकडे सगळ्यांना ठाऊक आहे."

नलूनं हातातली बशी खाली ठेवली.

"हे बाबांना सांगू नका," ती म्हणाली. "त्यांचं सगळं त्याच्यावरच चाललंय. भाऊसाहेब, तुम्हीसुद्धा."

मी मान डोलावली. ती चहा टाकायला आत गेली.

तेवढ्यात बर्वे हात पुसत आले. पाहुण्याला लागून बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "एक विनंती आहे. पोलिओच्या शेपटीचा विषय नलूसमोर काढू नका. मला कळून वर्ष झालं. तिला अजून आशा आहे."

पाहुण्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पोह्यांतले शेंगदाणे बाजूला काढत राहिलो.

आतून नलूचा आवाज आला, "बाबा, आज काही सापडलं का हो?"

"जवळ आलोय गं," बर्वे म्हणाले. "साखर बेतानं घाल."