मामाचा ठिपका

माझ्या मामाला भिंतीमागे बसायचा पगार मिळायचा. थट्टा नाही करत. भिंतीपलीकडचा माणूस दाखवणारं रडार बनवतात, त्या कंपनीत मी चाचणीच्या भिंती बांधायचे. नववीत शाळा सोडली, पण भिंत माझी सरळ असते. मामाने तिच्यामागच्या बंद खोलीत खुर्चीत बसायचं. इंजिनिअर इकडून यंत्र लावणार. श्वासाने मामाची छाती हलली की पडद्यावर हिरवा ठिपका. इमारत कोसळली की आत कोण जिवंत आहे ते कळायला.

ठिपका यायचाच नाही.

मामा आधी घड्याळजी होता. तीस वर्षं भिंगाखाली मोहरीपेक्षा बारीक स्क्रू. जोरात श्वास सोडला की स्क्रू गेलाच. म्हणून मामा श्वास घेतो तोही चोरल्यासारखा. खुर्चीतही मांडीवर फळी घेऊन कुणाचं तरी घड्याळ उघडून बसायचा. नाहीतर झोप लागते म्हणे.

मामी म्हणाली, "मला बावीस वर्षांत त्यांचा पत्ता लागला नाही, यंत्राला काय लागणार!"

अग्निशमन दलाचे साहेब यंत्र बघायला येणार होते. आदल्या दिवशी इंजिनिअरने मामाला गाठलं.

"काका, उद्या जरा हात हलवा. ठिपका नाही आला तर मला दुसरा माणूस ठेवावा लागेल."

"ढिगाऱ्याखालचा माणूस हात हलवतो का रे?"

"तुम्ही ढिगाऱ्याखाली नाही, पगारावर आहात."

मी थापी उचलली. मामाने नुसतं बघितलं. ठेवली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी पडदा पाहिला. काळा ठिक्कर.

"म्हणजे आत कोणी नाही?"

इंजिनिअरने घाम पुसला. "नाही साहेब. मुद्दाम रिकामी ठेवलीय."

"बरं. चला पुढच्या भिंतीकडे."

आतून मामाचा आवाज आला, "जाऊ नका साहेब. मी आहे."

साहेब आत जाऊन मामाला नीट बघून आले. इंजिनिअरला म्हणाले, "हा माणूस दिसेल तेव्हा बोलवा. तोवर यंत्र घेणार नाही. आणि माणूस बदलायचा नाही."

सात महिने इंजिनिअर यंत्र उघडतोय, जोडतोय. मामा बसलाय. मी भिंती पाडून बांधतेय.

मग एका दुपारी पडद्यावर ठिपका आला. फिकट, पण आला. इंजिनिअर ओरडत धावला, दार धाडकन उघडलं, मामाला मिठीच मारली.

मामाने त्याला बाजूला केलं.

"दिसलो ना? आता खाली बस आणि माझा स्क्रू शोध."