भातुकलीतली निवळी

दहावीला मी विज्ञानात आपटले. बाकीचे विषय सुटले, मराठीत तर वर्गात नाव निघालं, पण विज्ञानानं घात केला, आणि त्यातही रसायनशास्त्रानं. याचा सगळा दोष माझ्या डोक्याला द्यायला मी तेव्हा तयार नव्हते आणि आजही नाही. आमच्या शाळेची प्रयोगशाळा म्हणजे एक काचेचं कपाट होतं आणि त्याला कुलूप होतं. तपासणीला साहेब आले की ते उघडायचं, साहेब गेले की बंद व्हायचं. आम्ही काचेला नाक लावून आतल्या नळ्या बघायचो. सर फळ्यावर समीकरणं लिहायचे, आम्ही ती वहीत उतरवायचो आणि आरतीसारखी पाठ करायचो. मधला एक शब्द विसरला की पुढचं सगळं गेलं.

नव्वदीची सुरुवात होती. आमचा मळा नाशिकच्या बाहेर, मखमलाबादच्या वाटेवर. झेंडू, शेवंती, थोडी वांगी, थोडी कोथिंबीर, थोडा कांदा. आप्पा, म्हणजे माझे वडील, रोज पहाटे फुलांच्या पाट्या घेऊन शहरात जायचे आणि न्याहारीला परत यायचे. निकालाच्या दुसऱ्या दिवशी ते आले, पाट्या उतरवल्या, हातपाय धुतले आणि म्हणाले, "ऑक्टोबरला येकदा बस. निघाली तर पुढं शीक. नाय निघाली तर मळा हायेच."

ते रागानं बोलले नव्हते, म्हणून मला जास्त धडकी भरली. रागावलेल्या आप्पांना वळवता यायचं. शांतपणे ठरवलेल्या आप्पांना नाही. मळ्याचा मला तिटकारा नव्हता. पण मला खांद्याला पर्स लावून सिटी बसनं कॉलेजात जायचं होतं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण मोठ्यांसमोर सांगावं असं ते कारणच नव्हतं. हवं मात्र फार होतं.

त्याच उन्हाळ्यात भावाचं लग्न झालं होतं. वहिनी देवळाली कॅम्पातली. तिचे वडील लष्कराच्या कॅन्टीनमध्ये कामाला, घरातलं बोलणं स्वच्छ, शहरी, आणि वहिनी स्वतः केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली. आमच्याकडे याचा उल्लेख लग्न ठरताना एकदाच झाला, "पोरगी शिकेल हाय" एवढाच, आणि मग भाकरी येते का, धारा काढता येतात का, या चौकशीत तो बुडाला. लग्नात रीतीप्रमाणे तिचं नाव बदललं. नवं नाव आप्पांनी सुचवलं, भावानं ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलं, पेढे वाटले. माहेरचं नाव त्या मांडवातच राहिलं.

एका दुपारी वहिनी माळा आवरत होती. तिथं तिला एक पत्र्याचा डबा सापडला. त्यात माझी भातुकली होती, भांडीबाजारातून आणलेली पितळेची. कढई, पळी, पातेली, वाट्या, तागडी, सगळं शाबूत. मी तेव्हा पुस्तकात तोंड खुपसून तेच ते घोकत होते.

"ताई, ही तुमची?" तिनं विचारलं. नणंद म्हणून ती मला, तिच्याहून लहान असून, तुम्ही म्हणायची.

"होती. आता काय करायचीय?"

"मला खेळायला द्या. आणि पुस्तक बंद करून इकडे या."

मला वाटलं, चेष्टा करतेय. पण तिनं चुलीशेजारी डबा उपडा केला आणि स्वयंपाकघरातून एकेक वस्तू आणून त्या इवल्या वाट्यांमध्ये वाढली. पहिल्या वाटीवर बोट ठेवून म्हणाली, "हे काय?"

"खायचा सोडा."

"हे त्याचं माहेरचं नाव. सासरचं सांग."

तिनं पुस्तक उघडून दाखवलं: सोडियम बायकार्बोनेट. जे नाव मी शंभरदा घोकलं होतं ते या पांढऱ्या भुकटीचं आहे, हे मला त्या दिवशी कळलं. खरं सांगते, मला लाज नाही वाटली, राग आला. एवढी साधी गोष्ट कुणी सांगितली का नव्हती?

"दोन्ही नावं यायला हवीत," वहिनी म्हणाली. "भज्यात टाकताना सोडा, पेपरात बायकार्बोनेट. माझं नाव बदललं म्हणून मी बदलले का?" हे ती हसून म्हणाली, पण बोलताना तिनं वर पाहिलं नाही.

त्या दिवसापासून आमचा नेम ठरला. दुपारची झाकपाक झाली की तास सुरू. तासाला बसलं की ती मला तू म्हणायची, उठलं की परत तुम्ही. हळदीच्या पाण्यात लिंबू पिळलं, काही झालं नाही. चुना टाकला, लालभडक झालं. मोरचुदाच्या निळ्या पाण्यात लोखंडी खिळा बुडवला तर त्यावर तांब्याचा लाल थर चढला, आणि तो खिळा मी भावाला तांब्याचा म्हणून दाखवून फसवला. फवारणीच्या मोरचुदाला मात्र वहिनी मला बोट लावू द्यायची नाही. त्याची वाटी तिनं पुन्हा भातुकलीत ठेवली नाही, विहिरीपासून लांब पुरून टाकली.

रेणू आम्ही फुलांचे केले. पिवळा झेंडू कार्बन, केशरी झेंडू ऑक्सिजन, पांढऱ्या शेवंतीच्या कळ्या हायड्रोजन, आणि जोडायला खराट्याचे हीर. समीकरण मांडायचं भातुकलीच्या तागडीत: या पारड्यात जेवढी केशरी फुलं, तेवढीच त्या पारड्यात. माझी नेहमी कमी पडायची.

"दोन फुलं कुठं गेली?" वहिनी विचारायची. "फूल विकलं जाईल, वाळेल, कुजेल. नाहीसं कसं होईल?"

फुलं विकणाऱ्या घरातली मी. हे वाक्य मला जन्मभर पुरलं. समीकरणाचा तोल तेव्हापासून माझा कधी चुकला नाही.

आईला हे थेर वाटायचे. "घोडी झाली तरी भातुकली खेळून ऱ्हायली," ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. एकदा आम्ही मन लावून केलेला मिथेन तिनं उचलला आणि सरळ हारात ओवला. आप्पा अंगणात मांडलेली फुलं ओलांडून जायचे, तुडवायचे नाहीत, एवढंच.

आईच्या पानाच्या डब्यातला चुनाही आम्हीच संपवत होतो. तो पाण्यात कालवायचा, खाली बसू द्यायचा आणि वरचं नितळ पाणी काढून घ्यायचं. ही चुन्याची निवळी. मग कंपाउंडरकाकांकडून आणलेल्या इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत सोडा आणि लिंबाचा रस, तिच्या रबरी बुचात सलाईनची नळी, नळीचं दुसरं टोक निवळीत. याच नळ्यांची आम्ही लहानपणी पिचकारी करायचो. आता तिच्यातून बुडबुडे आले आणि निवळी दुधासारखी झाली. मी ते इतक्यांदा केलं की वहिनी म्हणाली, पुरे, घरातली लिंबं संपली.

गौरी-गणपतीच्या गडबडीत एक निवळीची वाटी कोनाड्यात उघडीच राहिली. सण संपल्यावर पाहिलं तर तिच्यावर पांढरी साय धरली होती. मी ती बाजूला करून नळी घातली. बुडबुडे आले, पण दूध काही होईना.

"मेली ती," वहिनी म्हणाली. "हवेतही तोच वायू असतो. इतके दिवस उघडी राहिली, हवेनं तिचं काम आधीच करून टाकलं. निवळी नेहमी ताजी हवी, नाहीतर बूच घट्ट हवं."

मी वाटी घासून ठेवली. हे परीक्षेत विचारत नाहीत, असंही मनात म्हणाले.

प्रात्यक्षिकाला आम्हा नापासांना शहरातल्या एका मोठ्या शाळेत जायचं होतं. भावानं सायकलवरून सोडलं. तिथली प्रयोगशाळा खरी होती, उघडी, लांबच लांब टेबलं, आणि प्रत्येक टेबलावर काच. मला पितळेच्या वाट्यांची सवय. काच फुटली तर भरून द्यायची कुणी, हाच पहिला विचार. परीक्षक बाहेरून आलेले, वयस्क, जाड भिंगांचा चष्मा. मी चिठ्ठी उचलली: कार्बन डायऑक्साइड तयार करा, चुन्याच्या निवळीनं ओळखा.

मला हसू आलं. संगमरवराचे तुकडे, वर आम्ल, बूच, नळी, सगळं सरसर मांडलं. बुडबुडे जोरात सुटले. टेबलावरच्या मोठ्या बाटलीतली निवळी परीक्षानळीत घेतली, नळी बुडवली आणि वाट पाहिली. काही झालं नाही. पुन्हा आम्ल घातलं, पुन्हा वाट पाहिली. नितळच्या नितळ. पलीकडच्या मुलालाही हीच चिठ्ठी आली होती. त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि उत्तरपत्रिकेत लिहून टाकलं, निवळी दुधाळ झाली. मलाही लिहिता आलं असतं. पाठ होतंच की.

आप्पांचा तो शांत चेहरा माझ्या डोळ्यांपुढे आला. इथं गेलं तर सगळं गेलं. तेवढ्यात माझं लक्ष त्या मोठ्या बाटलीकडे गेलं. बूच तिरकं बसलं होतं, आणि आतल्या पाण्यावर पांढरी साय होती.

"सर," मी हात वर केला, "ही निवळी मेलीय."

खोलीतले सगळे वळले. परीक्षक जवळ आले. "काय झालंय तिला?"

"उघडी ऱ्हायली, सर. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं आधीच..." आता थांबण्यात अर्थ नव्हता. परीक्षकांचे ओठ पानानं लाल झालेले मला दिसत होते. "सर, तुमच्याकडं चुन्याची डबी असंल ना? मी ताजी करते."

त्यांनी खिशातून डबी काढून टेबलावर ठेवली. मी नखाएवढा चुना पाण्यात कालवला. खाली बसायला वेळ नव्हता, म्हणून गाळणकागदातून गाळला आणि नितळ पाण्यात नळी सोडली. दुसऱ्या-तिसऱ्या बुडबुड्यालाच दूध झालं. एवढं सुंदर पांढरं मी घरीही पाहिलं नव्हतं.

"आणखी वेळ वायू सोडला तर?" त्यांनी विचारलं.

"परत नितळ होईल, सर. कॅल्शियम बायकार्बोनेट."

"दाखव."

मी दाखवलं. पांढरेपणा विरत गेला तसे ते वाकून बघत होते. मग नळीवर बोट ठेवून म्हणाले, "याचं नाव?"

"सलाईनची..." जीभ चावली. "वायुवाहक नळी."

ते मोठ्यानं हसले. "कुणी शिकवलं तुला?"

"वहिनीनं," मी म्हणाले, आणि का कोण जाणे, मला रडू आलं. त्यांनी डबी खिशात टाकली, शिपायाला ती मोठी बाटली ओतून द्यायला सांगितली आणि पलीकडच्या मुलाला ताजी निवळी घेऊन प्रयोग पुन्हा करायला लावला.

पुढचे लेखी पेपर मी कसे लिहिले हे सांगत बसत नाही. समीकरणं आली तिथं मी बोटांवर फुलं मोजली. निकाल लागला आणि मी पास झाले, रसायनशास्त्रात तर आमच्या शाळेत उन्हाळ्यात जे सरळ पास झाले त्यांच्यातल्या अनेकांपेक्षा वर. आप्पांनी बाजारातून उरलेली शेवंतीची पाटी तशीच घरी आणली आणि अख्खी वहिनीपुढे ठेवली. "कॉलेजचा फारम कधी भरायचा?" त्यांनी मला नाही, तिला विचारलं.

मी पर्स लावून सिटी बसनं कॉलेजात गेले. तोवर मळ्यामळ्यांतून बातमी फिरली होती. पुढच्या उन्हाळ्यात नापास मुलांच्या आया दारात यायला लागल्या. आमच्या कांद्याच्या शेडमध्ये वहिनीचा क्लास सुरू झाला. भातुकली पुरेना, म्हणून आईनं स्वतः भांडीबाजारातून आणखी दोन संच आणले. चुन्याचा वेगळा डबाही आणला, म्हणजे तिच्या डब्याला कुणी हात लावायला नको. पुढं दोन हजार साल उलटलं, मी स्वतः शाळेत शिकवायला लागले, तरी तो क्लास भरतच होता.

पण मला सांगायचीय ती गोष्ट दारावरच्या पाटीची. क्लास सुरू झाल्यावर भावानं पेंटर आणला. पेंटरनं विचारलं, बाईंचं नाव काय टाकू? भाऊ सासरचं नाव सांगायला लागला, तर आप्पा मध्येच म्हणाले, "थांब. सूनबाई, तुझ्या सर्टिफिकेटावर कंचं नाव हाय?"

"माहेरचं, आप्पा," वहिनी हळू आवाजात म्हणाली आणि आत निघून गेली.

"मंग तेच लिव," आप्पा पेंटरला म्हणाले. "त्याच नावानं शिकली ना ती?"

संध्याकाळी पाटी वाळली. आप्पांनी ती शेडच्या दाराला स्वतः ठोकली, दोन पावलं मागं सरले आणि अक्षर अक्षर लावून मोठ्यानं वाचली. आमच्या घरात ते नाव कुणी पहिल्यांदाच उच्चारत होतं. आणि स्वयंपाकघरातून, भाकरी थापता थापता, वहिनीनं त्याला ओ दिली.