पुण्यानुमोदनाला म्हटलेले वाक्य

पत्नी गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाला मुलाने मराठीत चार शब्द बोलावेत, एवढीच माझी इच्छा होती. इकडे हिंदी मुलखात, गुढियारीच्या आमच्या घरात तो मराठी ऐकतो आणि उत्तर हिंदीत देतो. आईशीही तसेच चाले.

भन्तेजींची वंदना संपली. मुलगा उभा राहून मोबाइलवरून वाचू लागला. आरंभ नीट होता. आई पंडरीच्या बाजारातून कापड आणायची, पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, मुलींचे झगे शिवायची. मग आले, "तिचे हात शिवत राहिले, शिवत राहिले, शिवत राहिले..." तो थांबेना.

वंदनेत शरणवचन तीनदा येते आणि भन्तेजींच्या मागून सर्वांनी म्हणायचे असते. लोकांना हेही तसेच वाटले. हात जोडलेले होतेच. शेजारच्या मावशींनी सूर धरला आणि सगळी बैठक म्हणू लागली, "शिवत राहिले, शिवत राहिले." मुलाने मोबाइलचा पडदा सरकवून पाहिला, खालीही तेच होते. "साधु, साधु, साधु" म्हणून त्याने आवरते घेतले.

निघताना मावशी म्हणाल्या, "भाऊजी, पोट्टा काय बोलला हो! मले त रडूच आलं."

पाहुणे गेल्यावर मी विचारले, "हे तू लिहिलंस?"

"नहीं बाबा, एआय से लिखवाया. बीच में अटक गया."

का अडकले, तेही त्याने सांगितले. जन्मभर गणित शिकवल्यामुळे मला ते लगेच कळले. यंत्र शब्दाचे तुकडे पाडते आणि मागचे तुकडे पाहून पुढचा कोणता संभवतो, ते ठरवते. जी भाषा भरपूर वाचली, तिचे तुकडे मोठे. मराठीचा चुरा होतो. कधी एका अक्षराचेही भाग पडतात. त्या चुऱ्यात वाट चुकली, की नुकताच लिहिलेला तुकडाच सर्वांत संभवनीय ठरतो, आणि पुन्हा लिहिला की त्याचा संभव आणखी वाढतो. यंत्राला दोष कसला द्यायचा? ते तिच्या हातचे जेवले नव्हते.

"आई तुला जेवायला कशी बोलवायची?"

तो क्षणभरही अडखळला नाही. "काहून रे पोट्ट्या, जेवतं का ताट उचलू?" हेलसुद्धा तिचाच.

"मग हे का नाही सांगितलंस तिथं?"

"ये भी कोई बोलने की चीज़ है, बाबा?"

आणि त्याने कार्यक्रमाचा व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. त्याखाली जोडलेले हात येऊ लागले.