सासूबाईंचं नाक

आमच्या सासूबाईंसारखं नाक अख्ख्या मराठवाड्यात दुसरं झालं नाही, आणि असलं नाक ज्या घरात आहे त्या घराचा जावई होण्यासारखं अवघड काम नाही. कोपऱ्यावर मी काय खाऊन आलो हे त्यांना माझ्या चपला निघायच्या आत कळायचं. पण त्या नाकाचं खरं कर्तृत्व दिसायचं ते त्यांच्या दुधी रंगाच्या, कार्बोरेटरवाल्या जुन्या गाडीपाशी. नोकरीतली बरीच वर्षं त्या सोयगावला मुख्याध्यापिका होत्या आणि दर शनिवारी स्वतः गाडी हाकत शहरात यायच्या. वाटेत मेकॅनिक नसायचा, म्हणून नाक. सकाळी पूजा आटोपली की बॉनेट उघडायचं, ऑइलची पट्टी उपसायची आणि आमटीची फोडणी जमली का ते पाहावं तसा तिचा वास घ्यायचा. "ऑइलमधी पेट्रोल उतरायलंय. पंपातला रबरी डायफ्राम फाटला," असा निकाल लागायचा. गळती बाहेरून असेल तर इंजिन कोरडं पुसून वर टाल्कम पावडर भुरभुरायच्या. पावडर आधी भिजेल तिथं दुखणं. एकदा क्रांती चौकात सिग्नलला माझ्या स्कूटरवरून उतरून त्यांनी शेजारच्या अनोळखी गाडीच्या काचेवर टकटक केली. "दादा, बाजूला घ्या. नळी गळायली तुमची."

"खाला, आप मेकॅनिक हो क्या?"

"नाय, मास्तरीण हाय. घ्या बाजूला!"

घेतली त्यानं. नळी गळत होतीच.

गेल्या हिवाळ्यात त्यांना ताप आला, आणि जाताना तो नाक घेऊन गेला. वरण करपलं तरी त्या शांतपणे जेवत राहिल्या. बॉनेट उघडणं थांबलं. लेकीनं विचारलं तर "कंटाळा आला" म्हणाल्या. मला मात्र एकट्याला गाठून म्हणाल्या, "जावईबापू, वास येत नाय मला. पेट्रोल गळून भडका उडाला तरी कळायचं नाय. गिऱ्हाईक बघा गाडीला." एरवी माझ्या डोळ्यात डोळे घालून झापणाऱ्या बाई हे सांगताना भिंतीकडं बघत होत्या. मला ते बघवेना.

गिऱ्हाईक मिळालं ते त्यांचाच सोयगावचा जुना विद्यार्थी. तो यायच्या आधीच गाडीखाली थेंब पडू लागले. बल्ब बदलायलाही ज्याला बायको स्टुलावर चढू देत नाही असा मी बाह्या सारून पुढं झालो. सासूबाईंच्या कपाटातली चंदनाची पावडर मारली. इंजिन लग्नाला निघाल्यासारखं दरवळलं. पावडर भिजली ती पंपापाशी. औरंगपुऱ्यातल्या दुकानातून नवा पंप आणला, दोन्ही नळ्या उलट्या जोडल्या, गाडी ढिम्म. सुलट्या जोडल्या, गाडी सुरू! मी स्वतःची पाठ थोपटून घेतली.

चाचणीला विद्यार्थी स्टिअरिंगवर, शेजारी सासूबाई, मागं मी. क्रांती चौकाच्या अलीकडं त्यांनी एकदम हात वर केला. "थांबव रे. इंजिन बंद कर. पेट्रोल!"

मी हुंगलं. मला नुसतं चंदन. "आई, नवा पंप बसवलाय मी."

"तुम्ही बसवलाय म्हणूनच सांगते, उतरा!"

बॉनेट उघडलं. नळीचा नट मी बोटांनी फिरवून ठेवला होता, पान्यानं आवळायचा राहून गेला होता. तापल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकत होतं. विद्यार्थी केव्हाच पलीकडच्या फुटपाथवर पोचला होता. आणि सासूबाई डोळे मिटून उभ्या होत्या. "येतोय," त्या पुटपुटल्या. "वास येतोय हो, जावईबापू!" पेट्रोलच्या वासानं माणूस आनंदानं रडतं, हे मी भर चौकात पाहिलं.

पलीकडून विद्यार्थी ओरडला, "बाई, नको मला ही गाडी!"

"देतंय कोण?" पदरानं डोळे पुसत सासूबाईंनी माझ्यापुढं हात केला. "पाना आणा."

आता रोज सकाळी बॉनेट उघडतं. मला शिव्याही पूर्वीसारख्याच बसतात, आणि खरं सांगतो, त्या ऐकून घरात सगळ्यांना हायसं वाटतं. पेट्रोल आलं, रबर आलं, माझं कोपऱ्यावरचं खाणंही परत आलं. बाकीचे वास अजून वाटेत आहेत. परवा पिकलेला केशर आंबा मी त्यांच्या नाकाशी धरला. बराच वेळ हुंगून त्यांनी मान हलवली. "नाय अजून." मग ऑइलची पट्टी उपसली, वास घेतला, म्हणाल्या, "हे मात्र ठीक हाय."

आंबा मी बॉनेटच्या कडेलाच ठेवून दिला. उद्या पुन्हा विचारू.