खुर्ची सरकवली हो

उभी हयात बसस्थानकावर माईकसमोर घालवलेली बाई घरात तरी गप्प कशी बसणार? पण अनाउन्सरबाईंचं घरातलं बोलणं नुसतं सवयीचं नव्हतं. त्यांचा नवरा घड्याळजी. त्याचे डोळे आधी अधू झाले आणि मग पार गेले. तेव्हापासून घरात एकच कायदा होता. वस्तू जागची हलवायची नाही, आणि हलवलीच तर मोठ्याने सांगायचं.

"खुर्ची सरकवली हो, भिंतीला लावलीय."

"बादली दाराशी आहे हो."

बाई हे सगळं थेट फलाटावरच्या सुरात सांगायच्या, आणि घड्याळजी पलंगावरून गंभीरपणे म्हणायचे, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." पाहुण्यांची हसून मुरकुंडी वळायची. हसोत बापडे. त्या कायद्याच्या जोरावर घड्याळजी काठी टेकत पलंगापासून कपाटाला, कपाटापासून खुर्चीला आणि खुर्चीपासून गॅलरीच्या दाराला बिनदिक्कत जायचे. आजारपणात गेले ते गेले, पण घरात त्यांना कधी साधं खरचटलंही नाही. बाईंना याचा अभिमान होता, आणि तो असायलाच हवा.

ते गेले, पण काठीची टकटक गेली नाही.

रोज संध्याकाळी बाई स्वयंपाकघरात असल्या की पुढच्या खोलीतून आवाज यायचा. पलंगापासून कपाट, कपाटापासून खुर्ची, खुर्चीपासून गॅलरी. मग बंद. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बाईंना दरदरून घाम फुटला होता. पुढे सवय झाली, आणि त्याच्याही पुढे त्या वाट पाहू लागल्या. आवाज येऊन गेल्याशिवाय त्यांना घास गोड लागेना. लेकीला मात्र त्यांनी पत्ता लागू दिला नाही. तिने दुसऱ्याच दिवशी डॉक्टर गाठला असता.

मग गॅलरीजवळच्या एका उखडलेल्या फरशीला ठेचकाळून बाई पडल्या, गुडघा सुजला, आणि लेकीला निमित्तच मिळालं. ती फरशीवाल्याला घेऊन आली. त्याने लाकडासारख्या दिसणाऱ्या पट्टीचा तुकडा बाईंच्या हातात दिला.

"जुन्या फरशीवरच बसते, काकू. खाली फोम असतो. वाटी पडली तरी आवाज नाही."

"मग हीच टाका," लेक म्हणाली.

बाईंनी तुकड्यावर बोटाने ठोकून पाहिलं. आवाज नाही म्हणजे टकटकही नाही. पण हे कुणापुढे बोलायचं? आणि काय म्हणून? त्या मान डोलावून मोकळ्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी खोली रिकामी करायला काढली. पलंग खोलून बोळात उभा केला. कपाट स्वयंपाकघरात ढकललं. नवी फरशी थोडी वर येणार, म्हणून गॅलरीचं दार खालून तासायला बाहेर काढून ठेवलं. बाईंनी खुर्ची उचलली आणि तोंडात आलंच, "खुर्ची सरकव..."

लेक थांबून बघायला लागली. "आई, आता कुणाला सांगतेस?"

फरशीवालाही बघत होता. बाई ओशाळल्या. त्यानंतर त्यांनी तोंडाला कुलूप घातलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या घरातलं सामान न सांगता हललं.

रिकाम्या खोलीत फरशीवाला उकिडवा बसून हातोडीच्या दांड्याने एकेक फरशी ठोकून बघत होता. पोकळ वाजली की खडूने फुली. मध्येच त्याचा हात थांबला. त्याने परत ठोकलं. समोरच्या भिंतीकडून तशीच टकटक परत आली, जरा उशिराने.

"वर कुणाचं काम चालू आहे?"

"वर गच्ची आहे," बाई म्हणाल्या.

"रिकाम्या खोलीत घुमतंच," तो म्हणाला. पण उरलेल्या फरश्या त्याने त्या भिंतीकडे पाठ न करता ठोकल्या, आणि उद्या येतो म्हणून लगबगीने गेला. लेकही गेली.

संध्याकाळी बाई स्वयंपाकघरात कपाटाला टेकून बसल्या. टकटक सुरू झाली. पलंगाच्या जागेवरून निघाली आणि कपाटाच्या जागेपाशी थबकली. तिथे आता काहीच नव्हतं. ती मागे आली, पुन्हा पुढे गेली. मग भिंतीला लागली आणि भिंतीच्या कडेकडेने फिरू लागली. आधी हळू, मग भरभर. दार नसलेली गॅलरीची चौकट त्या आवाजाला सापडेना. बाईंच्या अंगावर सरसरून काटा आला. भूत म्हणून नव्हे. आपलं माणूस आपल्याच घरात चुकलं, आणि ते आपल्यामुळे.

त्या उठल्या, स्वयंपाकघराच्या चौकटीत उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "अहो, ऐका. पलंग बोळात आहे. कपाट स्वयंपाकघरात. खुर्ची माझ्यापाशी. गॅलरीचं दार काढलंय, उजवीकडून वारा येतोय तिकडे या."

टकटक थांबली.

"उद्या नवी फरशी बसतेय. तिच्यावर काठी वाजणार नाही. मला तुम्ही आलेले कळणार नाही हो."

टकटक हलकेच उजवीकडे गेली, आणि मिटली.

फरशी बसली. दार तासून लागलं, सामान जागच्या जागी आलं. लेकीने कौतुकाने सगळ्यांना दाखवलं. बाई रोज संध्याकाळी कान लावून बसायच्या. काही नाही. एवढी वर्षं ज्या घरात हसल्या, त्या घरात आपण एकट्या आहोत, हे त्यांना तेव्हा खरं वाटलं, आणि त्या पोटभर रडल्या.

एका संध्याकाळी लेक पडदे लावून गेली. अंधारून आलं तरी बाईंनी दिवा लावला नाही. आंधळ्या माणसाच्या संसारात दिव्याची सवय सुटते. त्या गॅलरीकडे निघाल्या.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे."

अगदी कानाशी. बाईंचं पाऊल जागच्या जागी अडकलं.

"स्टूल वाटेत आहे गं. लेकीने ठेवलंय, सांगितलं नाही."

बाईंनी हात पुढे केला. स्टुलाची कड गुडघ्यापासून वीतभर होती. मग त्यांनी स्टूल उचललं.

"स्टूल सरकवलं हो," त्या फलाटावरच्या सुरात म्हणाल्या, "भिंतीला लावलंय."